सेवेतला निर्णय आणि समूहविवेक : बहुमत झाले, पण तत्त्व पाळले गेले का?

काठावरची वाट

नमस्कार. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे मद्यपाशातून बाहेर पडणाऱ्यांच्या, एका समूहाचा मी सध्या सेक्रेटरी आहे. आमची मीटिंग सुरुवातीपासून भाड्याच्या खोलीत भरते. टोपलीत जमणाऱ्या पैशांतला बहुतेक भाग भाड्यातच जातो आणि पुस्तके घ्यायची म्हटली की हात आखडता घ्यावा लागतो. गेल्या महिन्यात एका व्यसनमुक्ती केंद्राने पत्र पाठवून त्यांचे सभागृह आठवड्यातून दोनदा विनामूल्य देऊ केले. त्यावर बिझनेस मीटिंग झाली आणि ती मीच चालवली. जागा बदलण्याच्या बाजूने ११ हात वर झाले, विरोधात ५.

मला छळते आहे ती त्याआधीची पाच मिनिटे. विरोध करणाऱ्यांत आमचे सर्वांत जुने सदस्य होते. ते बोलायला उभे राहिले, तेव्हा वेळ संपत आली होती. समूहांनी कसे चालावे हे सांगणाऱ्या आपल्या बारा परंपरांपैकी पहिली एकतेची. तिचा आधार घेऊन मी त्यांना म्हणालो, ‘पहिल्या परंपरेचा विचार करा, एकता महत्त्वाची.’ ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले, ‘ठीक आहे’ म्हणाले आणि खाली बसले. मीटिंग संपल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे आपली खुर्ची घडी करून भिंतीशी लावली आणि निघून गेले. त्यानंतरच्या तीन मीटिंगना ते आलेले नाहीत. त्यांच्याबरोबर आणखी एक जण यायचे थांबले आहेत.

सेवेच्या, म्हणजे समूह चालवण्याच्या, निर्णयांत आध्यात्मिक तत्त्वे लावावीत, हे आपण सगळेच म्हणतो. त्या दिवशी मी तत्त्व लावले, की तत्त्वाच्या नावाने एका माणसाला गप्प केले? आणि ११ विरुद्ध ५ याला समूहविवेक, म्हणजे सर्वांचे ऐकून समूहाने मिळून घेतलेला निर्णय, म्हणता येईल का?

एकेक दिवस

सातवी परंपरा स्पष्ट आहे. समूहाने स्वतःच्या पायावर उभे राहावे आणि बाहेरची देणगी नाकारावी. विनामूल्य सभागृह ही देणगीच आहे, त्यामुळे यात मतदान घेण्यासारखे काही होते असे मला वाटत नाही.

नवी पालवी

‘एकेक दिवस’ यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. माझा पहिला समूह एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर भरत असे. वॉर्डातून सुटलेला माणूस दोन जिने उतरला की थेट मीटिंगमध्ये पोहोचत असे, आणि मीही तसाच पोहोचलो. उपचार केंद्रांच्या आवारात भरणारे समूह जगभर आहेत. परंपरा सहकार्याला मनाई करत नाहीत. त्या मनाई करतात ती संलग्नतेला. म्हणून असे समूह जागेचे काहीतरी भाडे देतात, केंद्राचे नाव समूहाला लावत नाहीत आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात की ही मीटिंग केंद्राच्या उपचारांचा भाग नाही. तुम्हीही केंद्राला सांगू शकता, की सभागृह आवडले, पण भाडे घ्या. केंद्राचा त्यात अपमान होत नाही आणि तुमची परंपराही राहते. तेव्हा ‘हो’ किंवा ‘नाही’ यांच्यामध्ये तिसरा मार्ग होता. तो त्या दिवशी पुढे आला नाही, कारण बोलायला वेळ नव्हता.

कातळ

बहुमत आणि समूहविवेक यांतला फरक सांगताना मला नेहमी एक जुनी घटना आठवते. १९३५ मध्ये अल्कोहोलिक्स अनॉनिमसची सुरुवात झाली, त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली. ज्या टाउन्स रुग्णालयात डिसेंबर १९३४ मध्ये आपले एक संस्थापक बिल विल्सन यांची दारू कायमची सुटली, त्याच रुग्णालयाच्या मालकांनी त्यांना तिथे पगारी उपचारक म्हणून येण्याचे आमंत्रण दिले. बिल तेव्हा पूर्ण कफल्लक होते. त्यांची पत्नी लोइस नोकरी करत होती आणि तिच्याच पगारावर घर चालत होते. शिवाय त्या घरात कितीतरी पिणारी माणसे राहून, जेवून जात होती. बिल आनंदाने घरी आले, त्या संध्याकाळी जमलेल्या सदस्यांना त्यांनी ही बातमी सांगितली आणि सांगता सांगताच समोरच्या चेहऱ्यांवरचा उत्साह मावळताना त्यांना दिसला. मग एकेक जण बोलला. या कामाचा कोणी पगार घेऊ लागला, तर एक मद्यपी दुसऱ्याशी ज्या नात्याने बोलतो ते नातेच बदलेल, असे त्यांचे म्हणणे होते. बिल यांनी ती नोकरी नाकारली.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण ‘नाकारली’ या शब्दावर थांबतात. मला त्यात दुसरेच महत्त्वाचे वाटते. ज्याच्या हाती सगळ्यांत जास्त वजन होते, तो माणूस उत्साहाच्या भरात असूनही बोलायचा थांबला आणि ऐकू लागला. हात वर करून मोजणीही झाली नाही. दुसऱ्या परंपरेत जे लिहिले गेले, की अंतिम अधिकार समूहविवेकातून प्रकट होणाऱ्या प्रेमळ ईश्वराचा आणि आपले नेते म्हणजे केवळ विश्वासू सेवक, त्याची मुळे अशा संध्याकाळींत आहेत. परंपरा १९४६ मध्ये प्रथम छापल्या गेल्या आणि १९५० मध्ये क्लीव्हलँडच्या अधिवेशनात स्वीकारल्या गेल्या. अनुभव आधी आला, नियम नंतर.

एकेक दिवस

‘कातळ’, तुमच्या गोष्टीने माझेच म्हणणे सिद्ध होते. समूहाने बाहेरचा पैसा नको म्हटले.

कातळ

नाही. तिथे समूहाने एकाला थांबवले आणि त्याने ऐकले. इथे पाच जण थांबवत होते आणि अकरा जणांनी ऐकले नाही. त्या पाचांचे म्हणणे बरोबर होते की चूक, हे आपल्याला अजून माहीतही नाही. ‘काठावरची वाट’ यांनी ते लिहिलेले नाही, आणि मला वाटते, त्यांनाही ते माहीत नसावे.

दुसरा किनारा

मी नार्कोटिक्स अनॉनिमसमधून, म्हणजे मादक पदार्थांच्या व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांच्या समूहातून आहे. आमच्याकडे सेवेसाठी १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बारा संकल्पना आहेत. त्यांतली सहावी समूहविवेकाविषयी आहे. निर्णयांवर प्रेमळ ईश्वराचा प्रभाव पडावा म्हणून आपण समूहविवेकाच्या वाटेने त्याला बोलावतो, असा तिचा आशय. नववी सांगते, की निर्णय घेताना सर्व बाजूंचा काळजीपूर्वक विचार करणे ही सेवामंडळाची जबाबदारी आहे. विचार करणे ‘जबाबदारी’ आहे, सवलत नाही, हे मला फार उशिरा उमजले.

आमच्या सेवा समितीत एक पद्धत आहे, ती इथे सांगतो. एखाद्या विषयावर मतभेद दिसला, की बाजूने बोलणाऱ्याने आधी विरोधकाचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत मांडायचे, आणि विरोधक ‘हो, मला हेच म्हणायचे आहे’ असे म्हणेपर्यंत स्वतःचा मुद्दा मांडायचा नाही. पहिल्यांदा हे केले तेव्हा मला तीन प्रयत्न करावे लागले. समोरची ताई दर वेळी शांतपणे मान हलवायची, ‘नाही, ते नाही.’ तिसऱ्या वेळी ती ‘हो’ म्हणाली, तोवर माझे निम्मे मत बदललेले होते. नम्रता, मोकळे मन, सचोटी हे शब्द आम्ही रोज वाचतो. त्या संध्याकाळी ते मला पहिल्यांदा कृतीत करता आले.

मोकळा श्वास

‘दुसरा किनारा’ यांची पद्धत सुंदर आहे, पण तिची दुसरी बाजूही सांगणे मला भाग आहे. आमच्या समितीत एका सदस्याने ‘माझा विवेक मला परवानगी देत नाही’ एवढ्याच वाक्यावर पुस्तकांच्या खरेदीचा निर्णय महिनोन् महिने अडवून धरला. कारण विचारले की तो म्हणे, विवेकाला कारण द्यावे लागत नाही. तेवढ्या काळात येणाऱ्या नवागतांच्या हातात द्यायला आमच्याकडे झेरॉक्सची पाने उरली होती, आणि तीही पुसट. सर्वांचे ऐकायचे म्हणजे प्रत्येकाला निर्णय अडवण्याचा अधिकार द्यायचा, असे नव्हे. ज्यांना आपण सेवा सोपवतो, त्यांना निर्णय घेण्याचा अधिकार आणि त्याचे उत्तरदायित्वही आपण सोपवतो. विश्वास हेही आध्यात्मिक तत्त्वच आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सेवेसाठीच्या बाराव्या संकल्पनेतही महत्त्वाचे निर्णय चर्चेने, मताने आणि ‘शक्य असेल तेव्हा’ भरीव एकमताने घ्यावेत, असेच म्हटले आहे. ‘शक्य असेल तेव्हा’ हे शब्द तिथे विचारपूर्वक घातलेले आहेत.

११ विरुद्ध ५ हा वाईट निकाल नाही. दोन तृतीयांशांहून ते थोडे अधिकच आहे.

दुसरा किनारा

मान्य. हरकत घेणाऱ्याने कारण सांगणे ही त्याचीही जबाबदारी आहे. पण इथल्या सदस्याला कारण सांगायला वेळच दिला गेला नाही, हा फरक आहे.

शांत संध्या

मी अल-अनॉनमध्ये आहे, म्हणजे पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांच्या समूहात. ‘काठावरची वाट’ यांच्या लिखाणातले एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. ‘पहिल्या परंपरेचा विचार करा.’

माझ्या घरात अनेक वर्षे ‘घराची शांतता’ या शब्दांनी मला गप्प बसवले जात होते आणि मीही मुलांना त्याच शब्दांनी गप्प बसवत होते. म्हणून एकता, प्रेम, स्वीकार असे शब्द कोणी दुसऱ्याकडे बोट करून वापरले, की माझ्या पोटात गोळा येतो. तत्त्व मी स्वतःला लावायचे असते. ‘तुम्ही स्वीकार करा’ असे मी दुसऱ्याला म्हणते, तेव्हा बहुधा माझ्याच मनात काहीतरी स्वीकारायचे राहिलेले असते. सेवेच्या बैठकीत बोलण्याआधी मी आता स्वतःला एवढेच विचारते, की मी हे समूहासाठी बोलते आहे की लवकर घरी जाण्यासाठी. कधी कधी प्रामाणिक उत्तर दुसरे असते. तेव्हा मी ‘हा विषय पुढच्या वेळी घेऊ’ असे सुचवते, आणि त्याने आजवर काही बिघडलेले नाही.

काठावरची वाट, तुम्ही स्वतःहून हा प्रश्न मांडलात, ही आपल्या बारा पायऱ्यांतली दहावी, आत्मपरीक्षणाची पायरीच आहे. आता नववीकडे, दुखावलेल्यांची भरपाई करण्याच्या पायरीकडेही पाहा. त्या ज्येष्ठांना तुम्ही भेटलात का?

माजी खजिनदार

चर्चा भाड्यावरून सुरू झाली म्हणून पैशांविषयी लिहितो, कारण तत्त्वे सगळ्यांत आधी तिथेच कसाला लागतात.

१९३८ मध्ये अमेरिकेतले धनाढ्य जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांच्याकडे सुरुवातीच्या सदस्यांनी मदत मागितली होती. त्यांच्या मनात मोठ्या रकमा होत्या, पगारी कार्यकर्ते होते, रुग्णालये होती. रॉकफेलर यांनी ५,००० डॉलर दिले आणि त्याहून जास्त पैसा या चळवळीला बिघडवेल असे मत दिले. तेव्हा ती निराशा वाटली असणार. पुढे सातव्या परंपरेत तेच शहाणपण आले. त्यामुळे विनामूल्य जागेविषयी सावध राहणाऱ्यांना मी जुनाट म्हणणार नाही. मात्र पुस्तकांना पैसे उरत नाहीत ही अडचणही खरी आहे. आपले पैसे संदेश पोहोचवण्यासाठी आहेत, आणि जागेचे भाडेच सगळे गिळत असेल तर लहान खोली शोधणे, एक मीटिंग कमी करणे, किंवा टोपली फिरवण्यापूर्वी खर्चाचा कागद मोकळेपणाने वाचून दाखवणे, हे सगळे आधी करून पाहण्यासारखे आहे. आमच्याकडे हिशेब वाचून दाखवायला लागल्यावर जमा वाढली. कोणी आवाहनही केले नव्हते.

एक अनुभव सांगतो. माझ्याआधीच्या खजिनदाराचा पाय पुन्हा घसरला आणि हिशेबात तूट निघाली. समूहात दोन तट पडले. एक म्हणत होता, करुणा हे तत्त्व आहे, विषय मिटवा. दुसरा म्हणत होता, सचोटी हे तत्त्व आहे, त्याला बाहेर काढा. दोन्ही बाजू तत्त्वाच्याच नावाने भांडत होत्या. एका संध्याकाळी सगळे दमल्यावर एका बाईंनी विचारले, की त्याच्या एकट्याच्या हाती पैसे ठेवले कोणी? खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. पैसे मोजायला दुसरा माणूस बसवण्याचा ठराव आम्ही दोनदा पुढे ढकलला होता, कारण मीटिंग संपल्यावर थांबायला कोणी तयार नव्हते. पिण्याच्या ओढीशी झुंजणाऱ्या एका माणसाच्या खिशात आम्ही सगळ्यांचे पैसे ठेवले होते आणि त्याला विश्वास म्हणत होतो.

मग निर्णय असा झाला, की त्याने सेवेतून बाजूला व्हावे, मीटिंगला मात्र यावे, आणि जमेल तसे पैसे परत करावेत. तूट किती आहे हे सगळ्यांना सांगितले गेले, लपवले गेले नाही. तेव्हापासून मीटिंग संपली की दोघे जण टेबलाशी बसतात. एक जण नाणी दहा-दहाच्या चळतीत लावतो, दुसरा मोठ्याने मोजतो, रक्कम चिठ्ठीवर लिहिली जाते आणि दोघांच्या सह्या होतात. चार मिनिटे लागतात. तो जुना खजिनदार पुढे परत सोबर झाला. काही काळाने त्याने स्वतःच त्या टेबलाशी दुसरा माणूस म्हणून बसायची तयारी दाखवली आणि समूहाने होकार दिला.

नवी पालवी

माजी खजिनदार, हे वाचून मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो. धन्यवाद.

पायवाट

निवडणुकांच्या संदर्भात एक आडवाटेची गोष्ट, पण मूळ प्रश्नाशी ती जोडलेली आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमसमध्ये प्रतिनिधी निवडताना दोन तृतीयांश मतांची अट असते. मतदानाच्या अनेक फेऱ्या होऊनही ती पूर्ण झाली नाही, तर उरलेल्या नावांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकतात आणि एक उचलतात. मी पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मला ते बालिश वाटले. नंतर लक्षात आले, की निसटत्या बहुमताने जिंकलेल्या माणसाच्या मागे हरलेला गट राहतो. चिठ्ठीने निवडलेल्या माणसाला कोणी हरवलेले नसते.

‘मोकळा श्वास’ दोन तृतीयांशांविषयी म्हणतात ते गणिताने बरोबर आहे. पण मूळ प्रश्नाला उपयोगी पडेल असा दुसरा एक नियमही आमच्याकडे पाळला जातो. मतदान झाल्यावर सूत्रधार अल्पमतातल्यांना पुन्हा विचारतो, की तुम्हाला आणखी काही सांगायचे आहे का. ते ऐकून बहुमताच्या बाजूने मत दिलेल्या कोणाचेही मन बदलले, तर तो फेरविचाराची सूचना मांडू शकतो. हरलेल्यांना ती मांडता येत नाही, नाहीतर विषय कधी संपणारच नाही. आमच्या पाचव्या संकल्पनेत अल्पमताला आपले म्हणणे ऐकवण्याचा जो अधिकार दिला आहे, त्याचे हे रोजच्या वापरातले रूप आहे.

काठावरची वाट, तुम्ही कोणत्या बाजूने हात वर केला होता?

काठावरची वाट

जागा बदलण्याच्या बाजूने.

पायवाट

मग फेरविचाराची सूचना तुम्ही मांडू शकता.

एकेक दिवस

माझा पहिला प्रतिसाद मी पुन्हा वाचला. ‘मतदान घेण्यासारखे काही नव्हते’ असे मी लिहिले होते. तेही एका प्रकारे गप्प करणेच झाले. माझे मत अजून तेच आहे, पण ते मांडण्याची ती रीत बरोबर नव्हती.

काठावरची वाट

सर्वांचे मनापासून आभार. ‘शांत संध्या’ यांचा प्रश्न वाचल्यावर मी काल संध्याकाळी त्या ज्येष्ठ सदस्यांच्या घरी गेलो. आधी फोन करून विचारले, कारण न सांगता जाणे म्हणजे पुन्हा माझ्याच सोयीने वागणे झाले असते. मी माफी मागितली. स्पष्टीकरण द्यायचे नाही असे ठरवून गेलो होतो, तरी एक वाक्य निसटलेच, की वेळ संपत आली होती. ते म्हणाले, ‘ते मलाही दिसत होते, म्हणूनच बसलो.’

मग मी विचारले, त्या दिवशी तुम्हाला काय सांगायचे होते? ते उठले, कपाटातून केंद्राच्या पत्राची प्रत काढली, चष्मा लावला आणि दुसरे पान माझ्यापुढे धरले. तळाशी, सहीच्या वर, एक ओळ होती. सभागृह वापरणाऱ्यांनी दर बैठकीला उपस्थितांची नावे आणि सह्या असलेली नोंदवही केंद्राकडे द्यावी. बहुधा त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येक संस्थेसाठी असलेला हा साधा नियम असावा, त्यांचा हेतू वाईट असेल असे मला वाटत नाही. पण आमच्याकडे येणाऱ्यांत एक शिक्षिका आहे आणि एक वाहनचालक आहे, ज्यांना आपले नाव कुठेही नोंदले जाण्याची धास्ती वाटते. बाराव्या परंपरेतली अनामिकता आम्ही दर मीटिंगला मोठ्याने वाचतो. बिझनेस मीटिंगमध्ये मी पत्राचे फक्त पहिले पान वाचून दाखवले होते. दुसरे पान मी स्वतःही नीट वाचलेले नव्हते.

त्यांचा जागा बदलायला विरोध नव्हताच. ‘भाडे द्या, नोंदवही नको असे सांगा, आणि मान्य झाले तर खुशाल जा,’ एवढेच त्यांना म्हणायचे होते. म्हणजे ‘नवी पालवी’ यांनी इथे लिहिलेला तिसरा मार्ग त्या खोलीत एका माणसाच्या खिशात होता.

रविवारी मी फेरविचाराची सूचना मांडणार आहे. त्या दिवशी सूत्रसंचालन दुसऱ्या कोणी करावे अशी विनंती केली आहे, कारण सूचना माझी आहे. ज्या पाच जणांनी विरोधात मत दिले, त्यांनी आधी बोलावे असे ठरले आहे. ते ज्येष्ठ सदस्य येतील की नाही, हे त्यांनी सांगितले नाही आणि मी आग्रह केला नाही. निघताना त्यांनी एवढेच विचारले, की खुर्च्या लावायला किती वाजता उघडता.

मोकळा श्वास

माझे ११ विरुद्ध ५ चे गणित मी मागे घेतो. अर्धे पत्र वाचून दिलेली मते कितीही जास्त असली, तरी ती मोजण्यात अर्थ नाही.

माजी खजिनदार

रविवारी पत्राच्या सोळा प्रती काढून न्या. दोन्ही पाने. बोलायला सुरुवात करण्यापूर्वी सर्वांना वाचायला दहा मिनिटे द्या, आणि झेरॉक्सचा खर्च समूहाच्या पैशांतून घ्या.